गुडघ्यातलं पाणी

"…आणखी?"

"आणखी काही नाही, बाई. स्फटिक आहेत. भरपूर आहेत. गाऊट."

"ते सांगितलंस. आणखी?"

डॉ. तुषार वाघचौरेने मायक्रोस्कोपवरचा डोळा उचलला.

"तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारताय तुम्ही."

"तिसऱ्यांदा तेच उत्तर येतंय."

 बाईंनी हातातला जेवणाचा डबा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि त्याच्या शेजारचं स्टूल ओढून घेतलं. डबा अजून उघडलेला नव्हता.

ही गोष्ट मी दोघांकडूनही ऐकली आहे. दोघंही ती आपापल्या विरोधात सांगतात, म्हणून मी ती खरी मानतो.

तालुक्याच्या गावातला धर्मादाय दवाखाना. तळमजल्यावर प्रयोगशाळा. तिथं डॉ. सरोजिनी शिंत्रे यांचं राज्य. रक्त, लघवी, थुंकी, माणसाच्या अंगातून जे जे बाहेर येईल ते सगळं त्यांच्या डोळ्यांखालून जायचं. हाताखालची पोरं पाठीमागे त्यांना 'आणखीबाई' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तुषार नवा. मुंबईहून सुवर्णपदक घेऊन आलेला. पदक घरी भिंतीवर टांगलेलं होतं, पण गळ्यातून उतरलेलं नव्हतं. आल्या आल्या त्याने संस्थेशी भांडून मायक्रोस्कोपला पोलराइज्ड भिंगं बसवून घेतली होती. सांध्यातल्या पाण्यात स्फटिक असले तर ते या भिंगांतून रंगीत चमकतात. महिनाभर तो अशा पाण्याची वाट बघत होता. आज आलं.

पाणी होतं मुरलीधर भांडगे यांच्या उजव्या गुडघ्यातलं. हा येवल्याकडचा माणूस, पैठणी विणणारा. साठीला टेकलेला. गुडघा चार दिवसांत नारळाएवढा झाला होता आणि त्याला नुसता पंख्याचा वारा लागला तरी माणूस ओरडत होता. हाडांचे डॉक्टर पिंगळे यांनी सकाळी सुई घालून पाणी काढलं आणि खाली पाठवलं.

आता सगळं त्या पाण्यावर होतं. गाऊट, म्हणजे नुसती स्फटिकांची सूज निघाली, तर सांध्यात स्टिरॉइडची एक सुई, आणि माणूस संध्याकाळी घरी. जंतू निघाले तर आजच्या आज सांधा उघडून धुवायचा. आणि जंतू असताना चुकून स्टिरॉइड गेलं… तर जंतूंना रान मोकळं. गुडघा जातो. रक्तात उतरले तर माणूसही जातो.

हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तुम्हीच बघा ना," तुषार उठला.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला. बारीक सुया. काही मोकळ्या, काही पेशींच्या पोटात घुसलेल्या. एका दिशेला पिवळ्या, आडव्या होताच निळ्या.

बाईंनी स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली.

"सुंदर आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे सुंदर आहेत. युरिक अ‍ॅसिडच्याच आहेत. तू बरोबर आहेस."

तुषारचे खांदे सैल पडले. 'नाही' ऐकायची तयारी करून बसलेल्याला 'बरोबर' मिळालं की तो जरा जास्तच सैल होतो.

"मग 'आणखी, आणखी' कशाला करता बाई?"

बाईंनी स्टँडमधली काचेची नळी उचलली. तीत ते पाणी होतं, पिवळसर. त्या उठल्या आणि नळी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर धरली.

"आज तारीख काय?"

त्याने सांगितली.

"पाठ म्हणू नकोस. यातून वाच."

तुषार वाकला. नळीच्या मागे नुसतं ढगाळ. तारीख दिसेना, वार दिसेना, एकादशी आहे की चतुर्थी तेही कळेना.

"गढूळ आहे," तो म्हणाला. "गाऊटमध्येही गढूळ असतं."

"असतं."

बाईंनी सिरिंजमध्ये उरलेलं थोडं पाणी घेतलं. सुई काढून टाकली आणि दट्ट्या हलकेच दाबला. निरोगी सांध्याचं पाणी असं सहज सुटत नाही. एकतारी पाकासारखी त्याची तार लोंबते.

हा थेंब टपकन पडला.

"पातळ आहे," तुषार म्हणाला. "गाऊटमध्येही पातळ होतं."

"होतं."

"बाई, तुम्ही माझंच म्हणणं मान्य करताय."

"मान्यच आहे. पेशी किती निघाल्या?"

"अगदी थोड्या. जंतू असते तर पांढऱ्या पेशींचा बाजार भरला असता. आणि ताप नाही त्याला. केसपेपरवर लिहिलंय."

"कशात मोजल्यास?"

"म्हणजे?"

"मोजायच्या आधी पाण्यात काय मिसळलंस?"

तुषारने मान वळवून फळीकडे बोट केलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायला जी बाटली वापरतात, ती. कुठल्याही प्रयोगशाळेत असते. तिच्यात शिरक्यातलं, म्हणजे व्हिनेगरमधलं अ‍ॅसिड असतं. रक्तात ते तांबड्या पेशी फोडतं, पांढऱ्या तेवढ्या उरतात, मोजायला सोपं जातं. रक्तासाठी ती बाटली बरोबर.

बोट तसंच राहिलं… बाई त्या बोटाकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी काचेची एक लहान वाटी पुढे घेतली. तीत गुडघ्यातल्या पाण्याचे चार थेंब टाकले. फळीवरून तीच बाटली काढली आणि तिच्यातला एक थेंब वर सोडला.

वाटी तुषारच्या पुढ्यात सरकवली.

"बोलू नकोस. बघ."

दूध नासतं तसं झालं. पिवळं पाणी वरच्यावर फाटलं आणि त्याचा चोथा झाला. पांढरट, चिंध्या चिंध्या झालेला. मधे मधे निवळ पाणी.

 तुषारला हे माहीत होतं. सांध्याचं पाणी अ‍ॅसिडमध्ये साकळतं, म्हणून पेशी मोजताना ते साध्या सलाइनमध्येच मिसळायचं. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि त्याने त्याचं उत्तर बिनचूक लिहिलं होतं. पण आज आधी सुया दिसल्या. पिवळ्या, निळ्या. त्यानंतर हाताने जी बाटली जवळ होती ती घेतली.

"पेशी कुठे गेल्या?" बाईंनी विचारलं.

"…या चोथ्यात."

"आणि तू काय मोजलंस?"

"उरलेलं पाणी."

न सांगता त्याने सलाइनची बाटली घेतली. पुन्हा पाणी मिसळलं, पुन्हा मोजायच्या काचेवर थेंब सोडला, पुन्हा डोळा लावला. मघाशी चौकटीत इकडेतिकडे चार दाणे होते. आता तीळ ठेवायला जागा नव्हती.

"गाऊटमध्येही पेशी वाढतात," तो म्हणाला. पण या खेपेला आवाज खाली होता.

"वाढतात."

"मग हे सगळं गाऊटमुळेच नाही कशावरून?"

"कशावरून?"

तुषारने परत भिंगाला डोळा लावला.

"बोल ना. कशावरून?"

"सांगता येत नाही."

"हं." बाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. "चल, जंतूंसाठी स्लाइड रंगव. रिपोर्ट कुठाय? तो आधी फाड."

"रिपोर्ट लिहिला नाही अजून."

"बरं झालं."

तुषार हलला नाही.

"लिहिला नाही. पण… फोनवर सांगितलंय."

बाईंचा हात फळीवर होता, तिथेच थांबला.

"कुणाला?"

"पिंगळे सरांना. तुम्ही डबा आणायला गेलात तेव्हा. ते म्हणाले, उत्तम, ड्रेसिंग रूममध्ये घेतो आणि लगेच सुई देऊन टाकतो."

बाईंनी फोन उचलला. वरच्या मजल्याचा नंबर फिरवला. आवाज आला तो लाइन व्यस्त असल्याचा. पुन्हा फिरवला. पुन्हा तोच.

रिसीव्हर खाली ठेवला.

"पळ."

आणि इथे तुषार उठला नाही. हे तो स्वतः सांगतो, आणि सांगताना त्याला आजही खाली बघावं लागतं.

"बाई, पाच मिनिटं द्या मला. स्लाइड रंगवतो. जंतू दिसले तर पुराव्यानिशी जाऊन सांगतो. नाही दिसले तर उगाच… पिंगळे सरांना मी दिलेला हा पहिला रिपोर्ट आहे. मघाशी म्हटलं गाऊट, आता म्हणू माहीत नाही? ते चारचौघांत माझी…"

"तुषार."

"फक्त पाच मिनिटं."

"सुई परत बाहेर काढता येते. औषध येत नाही."

वाटीतला चोथा आता तळाला बसला होता. तुषारने त्याच्याकडे एकदा पाहिलं.

मग पळाला.

जिना, व्हरांडा, औषधांच्या खिडकीसमोरची रांग. "ओ डॉक्टर, जरा बघून!" कुणीतरी ओरडलं. एक चप्पल जिन्यातच राहिली. ड्रेसिंग रूमच्या दाराशी सिस्टर फोनवर स्टोअरशी बोलत होत्या, कापूस का पाठवला नाही म्हणून. त्यांना ओलांडून तो आत शिरला.

मुरलीधर भांडगे टेबलावर आडवे होते. गुडघ्याला तपकिरी औषध फासलेलं. उशाशी त्यांची बायको, पदराचं टोक दातात धरून. डॉ. पिंगळे यांच्या हातात भरलेली सिरिंज होती आणि डाव्या हाताचा अंगठा सांध्यातली फट चाचपत होता.

"थांबा सर!"

पिंगळे यांनी मान वर केली नाही. "काय झालं?"

"सुई देऊ नका."

आता मान वर झाली. नजर तुषारच्या चेहऱ्यावरून त्याच्या एका अनवाणी पायावर गेली आणि परत आली.

"वाघचौरे, मघाशी फोनवर गाऊट कोण म्हणालं?"

"मी."

"मग गाऊट नाही?"

"आहे."

"आहे ना? मग झालं तर."

"आहे सर, पण… आणखी काहीतरी असू शकतं."

"काय?"

 शाळेपासून आजवर कुठल्याही परीक्षकासमोर तुषारने एक वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. उत्तर येत नसलं तरी तो काहीतरी सांगायचाच, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

पिंगळे यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जाताना दिसली.

"माहीत नाही? अहो, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं तुमचं! आधी फोन, मग तपासणी. माणूस टेबलावर घेतलाय मी. त्याला ताप नाही, तुम्हीच म्हणालात पेशी नाहीत, स्फटिक आहेत…"

"पेशी आहेत. माझी मोजणी चुकली. चुकीच्या बाटलीत मोजल्या."

 बाहेर सिस्टरांचं फोनवरचं कापसाचं भांडण तेवढ्यात संपलं.

"ताप यायचा की," भांडग्यांची बायको म्हणाली.

दोन्ही डॉक्टर तिच्याकडे वळले.

"रातचा यायचा. चांगला फणफणायचा. पायाला ठेच लागून पिकलं व्हतं ना, तवापासनं. मंग मी गोळी देत व्हते सकाळ-संध्याकाळ, तापाची. आज सकाळी बी दिली. हितं डॉक्टरांपुढं अंग गरम नको म्हनून…"

तिला वाटलं आपलं काही चुकलं. ती पुन्हा पदर चावायला लागली.

 सिरिंज मात्र अजून पिंगळे यांच्या हातातच होती.

दाराशी फोन वाजला.

सिस्टरांनी उचलला. "हो… हो बाई. देते." आणि तार ताणून रिसीव्हर पिंगळे यांच्या कानाला लावला.

पिंगळे ऐकत राहिले. तुषारला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. त्याला फक्त पिंगळे यांचा अंगठा दिसत होता. सांध्याच्या फटीवर टेकवलेला तो अंगठा हळूहळू उचलला गेला.

"जांभळे जंतू? घोसच्या घोस? …बरं. …हो, इथेच आहे तुमचा माणूस. धापा टाकतोय."

सिरिंज ट्रेमध्ये पडली.

"सिस्टर, ऑपरेशन थिएटर लावायला सांगा. आत्ता. गुडघा धुवायचाय."

भांडगे इतका वेळ छताकडे बघत होते. त्यांनी मान वळवली ती डॉक्टरांकडे नाही, बायकोकडे.

"मागावर बसता येईल का, विचार," ते तिला म्हणाले. "पायानं मागाच्या पावड्या मारता येतील का, विचार ना."

तिने विचारलं नाही. तुषारकडे पाहिलं. तुषारला या वेळी तेच 'माहीत नाही' पुन्हा म्हणावं लागलं असतं, म्हणून त्याने नुसता भांडग्यांच्या पायावर हात ठेवला. पाय तव्यासारखा तापला होता. सकाळपासून त्याने त्या पाण्याला चार वेळा हात लावला होता, माणसाला पहिल्यांदाच लावत होता.

दिवेलागणीच्या सुमाराला तो खाली आला. एक चप्पल पायात, एक हातात.

प्रयोगशाळेत बाई एकट्याच होत्या. डबा तसाच बंद. पुढ्यात चहाचा कप, त्यावर साय धरलेली.

"पू निघाला," तुषार म्हणाला. "पुष्कळ निघाला. पिंगळे सरांनी सगळं धुऊन काढलं. म्हणाले, वेळेत उघडला. गुडघा राहील. दोन-तीन महिन्यांत मागावर बसेल."

"हं."

तो फळीपाशी गेला. ती बाटली काढून त्याने पलीकडच्या कपाटात ठेवली, रक्ताच्या सामानात. दार लावलं. बाईंनी ते पाहिलं.

मायक्रोस्कोपपाशी दोन स्लाइड शेजारी शेजारी होत्या. एकीवर त्याच्या सुया, पिवळ्या आणि निळ्या. दुसरीवर बाईंनी रंगवलेले जांभळे ठिपके, घोसाने चिकटलेले. एकाच गुडघ्यातलं, एकाच नळीतलं पाणी. तुषार एकदा ही भिंगाखाली घेई, एकदा ती.

"बाई…"

"बोल."

"मी विचार केला होता, खाली येताना तुमची माफी मागेन. पण कशाची, तेच कळत नाही. बाटली चुकली, ती माझी चूक. फोनची घाई केली, तीही माझी. पण निदान…"

"निदान काय?"

"माझं निदान चुकलं ना, बाई?"

"कुठे चुकलं? सुया खऱ्या होत्या. म्हणून तर तू तिथेच थांबलास. अजूनही आहेत, बघ."

त्याने बघितलं. होत्या.

बाईंनी चहाचा कप उचलला. तो बशीवरून सुटताना खडखडला. त्यांनी तो परत ठेवला, तेव्हा पुन्हा खडखडला. तुषार बघतच राहिला. केसाएवढ्या पातळ काचा याच हाताने, चिमटीत धरून, थेंबावर टेकवलेल्या त्याने रोज पाहिल्या होत्या. कधी एक बुडबुडा आत गेला नव्हता.

"तुमचा हात…"

बाईंनी तो हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरला.

"तुम्ही घाबरला होतात, बाई?"

"हो."

"मी वर पोचेन की नाही म्हणून?"

बाईंनी मान हलवली. नाही.

"मग…?"

 व्हरांड्यातला दिवा कुणीतरी लावला.

"तुझं निदान चुकलं असतं ना, तुषार," बाई म्हणाल्या, "तर मी एवढी घाबरले नसते."